सोसायटी ग्रुप: भाजणी रॅकवरून गेली कुठे?

ए-१०४: नमस्कार मंडळी. नाक्यावरच्या सुपरमार्केटात थालीपीठाची भाजणी मिळायची बघा, साध्या पारदर्शक पिशवीतली. दुकानाची पाटी बदलल्यापासून दिसली नाही. आज विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, ती आता सिस्टिममध्येच नाही." अजून कुठे मिळते का?

बी-६०२: काकू, मेतकूटही गेलं, कुळथाचं पीठही. त्या जागी त्यांच्याच नावाचं बेसन आणि त्यांचाच रवा. तीन-तीन फळ्या भरून.

सी-३०१: पण वहिनी, तेल आणि तूरडाळ तिथे स्वस्त पडते हेही खरं. महिन्याला आमचे तीन-चारशे वाचतात. एक भाजणी मिळाली नाही म्हणून एवढं काय बिघडलं?

डी-२०५: दादा, तुमचे वाचतायत त्याचा आनंदच आहे. पण काय बिघडतं ते सांगते, आमच्या घरात घडलंय. मेसेज मोठा आहे, वाचा.

माझ्या माहेरी पिठं आणि मसाल्यांचा छोटा धंदा आहे, आठ बायका कामाला. एका साखळीच्या चार दुकानांत माल जायचा. प्रत्येक दुकानाचा मॅनेजर स्वतः फोन करायचा. श्रावण आला की उपासाची भाजणी दुप्पट, दिवाळीआधी चकलीची. त्याला त्याचं गिऱ्हाईक माहीत होतं. मग ती साखळी दुसऱ्या मोठ्या साखळीने विकत घेतली. ऑर्डर मुख्य ऑफिसातून यायला लागली. नवा व्हेंडर कोड (पुरवठादाराचा नंबर) काढा, माल दुकानात नको, भिवंडीच्या गोदामात पोचवा, मार्जिन वाढवा, न खपलेला माल परत न्या, पैसे ९० दिवसांनी. डाळ, ज्वारी, धणे आम्ही रोखीने आणतो. बायकांचा पगार दर शनिवारी. ९० दिवस कुणाच्या जिवावर थांबायचं? आणि पूर्वी एका साखळीने नाही म्हटलं तर भाऊ दुसरीकडे जायचा. दोघी एक झाल्यावर दुसरीकडे म्हणजे कुठे? आठ महिन्यांत आमचा कोड बंद झाला. दोन बिलं अजून यायची आहेत.

सी-३०१: ताई, हे खरंच माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

ए-७०३: मी बँकेत होतो, म्हणून बिग बझारचं प्रकरण जवळून वाचत होतो. फ्युचर ग्रुपची, २००१ मध्ये सुरू झालेली दुकानं. मोठं होता होता फ्युचर ग्रुपने २०१४ मध्ये दक्षिणेतली निलगिरीज ही साखळी घेतली, २०१७ मध्ये हायपरसिटी. कर्ज डोईजड झालं. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सने २४,७१३ कोटींना तो धंदा घ्यायचं जाहीर केलं. स्पर्धा आयोगाने त्याच नोव्हेंबरात परवानगी दिली, पण अ‍ॅमेझॉनने हरकत घेतल्याने प्रकरण कोर्टात अडकलं. थकलेल्या भाड्यामुळे बऱ्याच जागांचे भाडेकरार तोवर रिलायन्सच्या नावावर गेले होते, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये दुकानांचा ताबाही गेला. एप्रिलमध्ये कर्ज देणाऱ्या बँकांनी व्यवहार नाकारला, जुलैत फ्युचर रिटेल, म्हणजे बिग बझार चालवणारी कंपनी, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत. आपल्याला दिसलं ते इतकंच की पाटीवर स्मार्ट बझार आलं. पण ज्यांचा माल जुन्या कंपनीला गेला होता त्यांची उधारी जुन्या कंपनीकडेच राहिली. आणि दिवाळखोरीत तारण असलेली बँक पुढे, मसाला पुरवणारा मागे. मी त्या पुढच्या रांगेतला माणूस होतो, तरी मला हे चुकीचं वाटतं.

बी-६०२: माझी बहीण सिॲटलजवळ असते. तिकडे २०१५ मध्ये अल्बर्टसन्स या किराणा साखळीने सेफवे ही दुसरी साखळी घेतली, तेव्हा स्पर्धा टिकावी म्हणून सरकारने काही दुकानं विकायला लावली. १४६ दुकानं हॅगन नावाच्या त्यांच्याच भागातल्या जुन्या कंपनीने घेतली. तिची स्वतःची होती फक्त १८! सप्टेंबरात तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि बरीच दुकानं परत अल्बर्टसन्सकडे. पुढे क्रोगर ही आणखी एक साखळी अल्बर्टसन्सला घ्यायला निघाली. परत तेच, ५७९ दुकानं दुसऱ्या कंपनीला विकतो म्हणाले. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने तो व्यवहार थांबवला. बहीण म्हणते, तिच्या घराजवळ या दोघांचीच दुकानं, दोन्ही एकाच मालकाची झाली असती.

ए-७०३: डी-२०५, भावाची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का? माल देण्याआधीपासूनची? असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावेच लागतात. २००६ चा कायदा आहे. करारात ९० लिहिलं म्हणून ते चालत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

डी-२०५: नोंदणी आहे काका. पण तक्रार केली तर ऑर्डर बंद होईल म्हणून भाऊ गप्प बसला.

ए-७०३: ऑर्डर बंद झालीच आहे, आता भीती कशाची? थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. रविवारी बिलं आणि डिलिव्हरी चलन घेऊन त्याला माझ्याकडे पाठव, आपण बसून भरू.

डी-२०५: पाठवते काका. खूप आधार वाटला.

ए-१०४: अगं, पण भाजणी करतात ना अजून? मग मी इतके दिवस कुठे शोधत बसले!

डी-२०५: करतात काकू. आता फक्त दोन वाण्यांकडे आणि ओळखीत जाते. पाच-सहा किलो जमली तर भाऊ रविवारी येताना घेऊन येईल.

सी-७०१ (सेक्रेटरी): गेटवर ठेवायला हरकत नाही, वॉचमनला सांगतो. पैसे थेट त्यांना द्या, सोसायटीच्या खात्यात नको. माझी एक किलो.

ए-१०४: माझी दोन. आणि मेतकूट पाव किलो.

सी-३०१: आमची एक किलो. ताई, पैसे आजच पाठवतो, नंबर द्या.