‘द स्टोरी ऑफ अस’चा शेवट: पटकथेच्या जाणकारांची मदत हवी आहे

रॉब रायनरचा 1999 चा हा चित्रपट, ब्रूस विलिस आणि मिशेल फायफर. पंधरा वर्षांचा संसार. मुलं उन्हाळी शिबिराला गेली की नवरा-बायको वेगळं राहून पाहतात. विषय सोन्यासारखा, तरी हाती निराशाच येते.

अडचण बांधणीत आहे असं वाटतं. भांडणं आणि जुन्या आठवणी तुकड्यातुकड्यांनी येतात, त्यामुळे ताण साचतच नाही. मध्येच दोघं कॅमेऱ्याशी बोलून आपलं दुखणं सांगून टाकतात. मग प्रसंगाला दाखवायला काय उरतं? ती शब्दकोडी रचणारी, तो लेखक. या फरकातून केवढे खटके उडाले असते! शेवटी शिबिराबाहेर तिचं एकच लांबलचक भाषण होतं आणि समेट. फायफर ते जीव ओतून करते, पण त्याआधी दोघांपैकी एकाचीही सवय बदललेली दिसत नाही.

दोन गोष्टी सांगा. तिच्या मनातला बदल आधी पेरायचा तर कुठे, वेगळं राहण्याच्या काळात की एखाद्या आठवणीत? आणि समेट भाषणातून न येता कृतीतून येतो असा मराठी चित्रपट किंवा नाटक कोणतं? नेमका प्रसंग सांगितलात तर फार मदत होईल.