मदत हवी आहे: आजोबांच्या शिकारीच्या वहीत 'बोल्ट जाम', दोष उन्हाचा की गोळीचा?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, धरमपेठेत राहतो. आयुष्य वीज खात्यात गेलं, बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. आजोबा उमरेडकडचे मालगुजार. त्यांची १९५१ ते १९५८ ची शिकारीची वही नातवंडांसाठी टाइप करून राहिलो आहे. (१९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, रायफल वडिलांनी रीतसर जमा केली. तेव्हा 'लायसन आहे का' हा प्रश्न कृपया नको.)

रायफल .३७५ मॅग्नम, बोल्टची, म्हणजे दर बारानंतर मागचा दांडा (बोल्ट) हाताने उघडून रिकामं काडतूस काढायची. हे काडतूस हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये काढलं, एवढं मी शोधलं. आजोबा दोन प्रकारच्या गोळ्या वापरत: वाघासाठी 'सॉफ्ट', रानगव्यासाठी 'सॉलिड'. दोन्ही ३०० ग्रेनच्या. चार दिवस मी त्याला बारुदाचं वजन समजत होतो! ते गोळीचं निघालं, साधारण साडेएकोणीस ग्रॅम.

आता अडचण. वहीत अशा नोंदी आहेत:

'मे. सॉलिड. बोल्ट जाम. तळहाताने ठोकून उघडला. टोपी सपाट झालेली.'
'मे. सॉफ्ट. बोल्ट जड.'
'जानेवारी, नवेगाव. पहाटे निशाणीवर २ सॉफ्ट, ठीक. २ सॉलिड, बोल्ट जड.'

मला आधी वाटलं, आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, काडतुसं कमरेच्या पट्ट्यात शेकत असणार. पण नवेगावची जानेवारीची पहाट? कंपनी तीच, वजन तेच, मग सॉलिडलाच बोल्ट का अडावा? तळटीप लिहायची आहे, चुकीचं काही छापायचं नाही.

प्रतिसाद १

दादा, नोकरीची तीस वर्षं दारूगोळ्यात गेली, म्हणून लिहितो. ऊन आणि गोळी, दोन्ही गुन्हेगार आहेत.

टोपी (काडतुसाच्या बुडाची, बारुदाला ठिणगी देणारी) सपाट आणि बोल्ट जड, ही दाब वाढल्याची जुनी ओळख. पितळी केस (काडतुसाचं नळकांडं) फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला घट्ट बसते आणि सुटायला कुरकुर करते.

गोळी नळीच्या आतल्या आट्यांपेक्षा (पीळदार उंचवट्यांपेक्षा) किंचित जाड असते. बार झाला की आटे तिच्या अंगात रुततात, म्हणून ती फिरत बाहेर पडते. सॉफ्टचं आवरण तांब्याच्या मऊ मिश्रधातूचं, आत शिसं, ती आट्यांना लवकर वाट देते. त्या काळच्या सॉलिडला बहुधा पोलादी आवरण, वर निकेल-तांब्याचा मुलामा. ती सहज रुतू देत नाही. घरी चकलीचं पीठ घट्ट झालं की सोऱ्यावर किती जोर लागतो, आठवा. शिवाय गोळीचा सरळ, नळीला घासणारा भाग जितका लांब, तितका अडथळा जास्त.

खरी गंमत पुढे आहे. दाब वाढला की बारूद आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. गोळी सुरुवातीला किंचित रेंगाळली तरी शिखर बरंच वर जातं, तेही एक हजारांश सेकंदाच्या आत. म्हणून वजन सारखं असलं तरी दाब सारखा नसतो. हे वाक्य तळटीपेत ठळक छापा.

आता ऊन. त्या काळी अशा काडतुसांत कॉर्डाइट नावाची बारूद असायची. तिच्यात नायट्रोग्लिसरीन असतं, तापली की ती जास्त जोरात जळते. म्हणून काही मोठ्या काडतुसांत विलायती कंपन्या उष्ण देशांसाठी बारूद मुद्दाम कमी भरत.

आजच्या निखळ तांब्याच्या गोळ्यांचंही असंच आहे. शिशाची घनता ११.३, तांब्याची ९ च्या आत. वजन तेच ठेवायचं तर तांब्याची गोळी लांब होणार, केसमधली जागा खाणार. म्हणून तिच्या अंगावर आडव्या खाचा पाडतात, म्हणजे घासणारा भाग कमी होतो.

आजोबांची निवड मात्र चोख. सॉफ्ट आत गेल्यावर पसरते आणि जोर तिथेच ओतते. सॉलिड आकार न बदलता रानगव्याचं हाड फोडून सरळ आत जाते. (पसरणाऱ्या गोळीलाच 'दमदम' म्हणतात. नाव कोलकात्याजवळच्या दमदमचं. १८९९ मध्ये हेगला युद्धात तिच्यावर बंदी आली, शिकारीत नाही.)

एक विचारतो. महिना, गोळी, आणि नळी शेवटची कधी साफ केली, असा तक्ता मांडता येईल का?

प्रतिसाद २

सॉफ्टच्या टोकाचं उघडं शिसं मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलच्या पोटातल्या काडतुसांच्या पेटीत, बाराच्या धक्क्याने चेपतं. वहीत 'नाक चेपलं' असं कुठे आहे का?

धागाकर्ता

आहे ना बाप्पा! 'खालच्या दोघींचं नाक चेपलं.' मी त्याला शिकारीला आलेल्या दोन आत्यांचा उल्लेख समजून टीप लिहून मोकळा झालो होतो. खोडतो.

काका, तक्ता मांडला. बोल्ट अडल्याच्या ११ नोंदी: ६ मे महिन्यातल्या, त्यात सॉफ्ट २, सॉलिड ४. थंडीतल्या ५, त्यातल्या ४ सॉलिडच्या. तुमचं म्हणणं जुळतं. उरली एक: डिसेंबर, सॉफ्ट, तरी 'बोल्ट जड'. त्याच्या आदल्या दिवशी निशाणीवर १२ बार काढले होते. साफसफाईची नोंद नाही.

प्रतिसाद १

मग सापडलं. निकेल-तांब्याचं आवरण नळीत गाठी-गाठींनी चिकटून बसतं. नळी अरुंद झाली की मऊ गोळीलाही जोर लागतो. त्यावर जुना उपाय अमोनियाचा. तो शब्द वहीत कुठे दिसतो का?

धागाकर्ता

दिसतो! शेवटच्या पानावर: 'बर्डीवरून अमोनिया, मोठी बाटली. बुच घट्ट. हिला हात लावू देऊ नये.' ते पान मी आजीच्या औषधांत घातलं होतं. आता काढून डिसेंबरच्या नोंदीखाली लावतो.