रात्रीचं जागरण आणि वाढतं वजन, वय १५

प्रश्न
पोराचं वय १५. शाळेच्या दिवशी झोप रात्री १ ते सकाळी साडेसहा, सुट्टीला रात्री २ ते दुपारी १२. वर्षभरात उंचीच्या मानाने वजन बरंच वाढलंय, दिवसाचं खाणं मात्र बेताचंच. झोप सुधारली तर वजन उतरेल का? आजपासून दहालाच दिवा बंद केला तर?

प्रतिसाद १
दहाला दिवा बंद करून काही साधणार नाही. नेहमीच्या झोपेच्या आधीचे एक-दोन तास शरीर उलट तरतरीत असतं. एकची सवय असलेलं पोर दहाला आडवं झालं की कुशी बदलत राहतं आणि शेवटी मोबाइल उचलतं. शिवाय वयात येताना मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याची खूण देणारं हार्मोन) मुळातच उशिरा स्रवतं, त्यामुळे सगळं खापर आळसावर फोडू नका.

आधी उठण्याची वेळ धरा. सध्या झोपेचा मध्य शाळेच्या दिवशी पावणेचारला येतो, सुट्टीला सातला. म्हणजे दर आठवड्याला सव्वातीन तासांची उलथापालथ! सुट्टीलाही फार तर साडेसातपर्यंत झोपू द्या आणि उठल्यावर २०-३० मिनिटं उघड्यावर, उजेडात काढायला लावा. मग दर तीन दिवसांनी झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. १ वरून साडेदहावर यायला दहा टप्पे, म्हणजे महिना. एखाद्या टप्प्यावर झोप लागायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला, तर तिथेच आणखी तीन दिवस थांबा. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. साडेदहा ते साडेसहा हे जेमतेम आठ झाले.

प्रतिसाद २
नुसत्या झोपेने वजन उतरेल असं धरून चालू नका. अपुऱ्या झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं, हे प्रौढांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण घरात बघायची गोष्ट साधी आहे: रात्री दहा ते एकमध्ये काय काय पोटात जातं? आठवडाभर तेवढंच वेळेसकट लिहून काढा. "दिवसाचं खाणं बेताचं" याचा उलगडा बहुधा तिथेच होतो. सकाळी भूक नसेल तर तीही बहुधा त्यामुळेच.

उपाशी ठेवू नका. उंची वाढत असेल तर बऱ्याचदा वजन आहे तिथे टिकवणं पुरतं. नुसते किलो बघू नका, वयानुसारच्या तक्त्यावर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) मांडा: ८५ ते ९५ पर्सेंटाइलमध्ये (म्हणजे त्या वयाच्या शंभरांतल्या ८५ ते ९५ जणांहून जास्त) जादा वजन, ९५ किंवा वर लठ्ठपणा.

प्रश्नकर्ता
संध्याकाळी पाचला कॉफी असते. आणि घोरणंही आहे, जवळजवळ रोज.

प्रतिसाद १
कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. पाचच्या कपातलं अर्धं दहालाही रक्तात असतं. दुपारनंतर बंद.

प्रतिसाद २
घोरण्याचं आधी सांगायला हवं होतं! मध्येच श्वास अडकतो का, दचकून जाग येते का, दिवसा डुलक्या येतात का, हे बघा आणि टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते झोपेची तपासणी सांगतील. स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा विकार) असेल तर दहा तास झोपूनही थकवा जात नाही, आणि वरचं वेळापत्रक कितीही काटेकोर पाळलं तरी फुकट जातं. मेलाटोनिनची गोळी मनाने सुरू करू नका.