सिरॅमिक ड्रिपरमधली कॉफी आंबट आणि कडवट का लागते?

प्रश्न

दिवाळीत भावाने मला चिनी मातीचा ड्रिपर, म्हणजे कागदी गाळणी बसवून कॉफी गाळण्याचे भांडे, दिला. तो शंकूच्या आकाराचा आहे, आतल्या बाजूने वळत गेलेल्या उभट रेषा आहेत आणि तळाशी एकच मोठे भोक आहे. चिकमगळूरची मध्यम भाजलेली अरेबिका मी अख्ख्या बियांच्या स्वरूपात मागवते, रोज सकाळी मिक्सरमध्ये फिरवते आणि १५ ग्रॅम कॉफीवर २४० ग्रॅम पाणी ओतते. पाणी उकळल्यावर तीन-चार मिनिटे निवू देते. तरीही पहिल्या घोटाला कच्च्या चिंचेसारखा आंबटपणा लागतो आणि तो घोट गिळला की घशाशी कडवटपणा रेंगाळतो. जानेवारीपासून, म्हणजे पुण्यात थंडी पडल्यापासून, आंबटपणा आणखी वाढला आहे. कॉफी एकाच वेळी आंबट आणि कडवट कशी होऊ शकते, हे मला उमगत नाही.

प्रतिसाद १

थंडीत आंबटपणा वाढला, या आपल्या एका वाक्यातच निम्मे उत्तर आहे. चिनी माती एकदा तापली की उष्णता चांगली धरून ठेवते, पण तापण्यासाठी ती उष्णता आधी पाण्यातूनच ओढून घेते. ड्रिपर वजनकाट्यावर ठेवून पाहा. तो तीनशे ग्रॅमच्या आसपास भरला, तर त्याला तापवायला साधारण साठ ग्रॅम पाणी तापवण्याइतकी उष्णता लागेल, आणि आपण पहिल्यांदा ओतता ते पाणी तर तेवढेही नसते. कॉफीतील आंबट घटक पाण्यात लवकर उतरतात, गोडवा आणि भरीवपणा मागाहून येतो. पाणी कोमट पडले की तो मागचा भाग चोथ्यातच राहून जातो.

म्हणून कागद बसवल्यावर, कॉफी घालण्याआधी, उकळते पाणी सढळ हाताने ओतावे, ड्रिपरची बाहेरची बाजू हाताला चटका बसेल इतकी तापू द्यावी आणि ते पाणी टाकून द्यावे. कागदाचा वासही त्यातच निघून जातो. (जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये कागदी गाळणीचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांचे पहिले प्रयोग मुलाच्या वहीतल्या टिपकागदावर झाले होते, त्या कॉफीला कागदाची चव किती आली असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.) शिवाय पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. मध्यम भाजलेल्या कॉफीसाठी ते निवू देण्याची गरज नाही, उकळी बसताच ओतावे.

पहिल्यांदा फक्त ३० ते ४० ग्रॅम पाणी घालून पाऊण मिनिट थांबा. कॉफी ताजी असेल तर पृष्ठभाग फुगून वर येतो आणि त्यावर बुडबुडे फुटताना दिसतात. भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड त्या वेळी बाहेर पडत असतो. तो निघून गेल्याशिवाय पाणी कॉफीत नीट मुरत नाही.

प्रतिसाद २

वरील सर्व मान्य आहे, परंतु कडवटपणाचे कारण मिक्सरमध्ये आहे आणि केवळ ड्रिपर तापवून ते जाणार नाही. मिक्सरचे पाते बी दळत नाही, तोडते. त्यामुळे भांड्यात एकीकडे मैद्यासारखी भुकटी आणि दुसरीकडे डाळीच्या चुरीएवढे तुकडे तयार होतात. भुकटीतून कडवटपणासुद्धा उतरून येतो, तुकड्यांतून मात्र केवळ आंबटपणाच सुटतो, आणि दोन्ही एकाच कपात पडतात. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

हातग्राइंडर घेणे शक्य असेल तर अवश्य घ्या. त्याचे तत्त्व आपल्या जात्याचेच आहे: दोन दात्यांमधले अंतर ठरलेले असते आणि तेवढा बारीक झाल्याशिवाय दाणा खाली पडत नाही. दळण बारीक रव्यापेक्षा किंचित जाड ठेवावे. तोपर्यंत मिक्सर सलग न चालवता थोडे थोडे थांबून फिरवा, भांडे मध्ये हलवा आणि मैद्याच्या चाळणीने भुकटी काढून टाका. थोडी कॉफी वाया जाईल, पण चवीत फरक पडेल. पाणी ओतायला लागल्यापासून उतरेपर्यंत अडीच ते तीन मिनिटे लागली, तर दळण जमले असे समजावे.

प्रतिसाद ३

आरओचे पाणी वापरत असाल तर तेही तपासा. क्षार जवळजवळ संपूर्ण निघून गेलेल्या पाण्यात कॉफी बेचव आणि आंबट उतरते. नळाचे पाणी साध्या गाळणीतून घेऊन एकदा करून पाहावे.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. ड्रिपर ३१० ग्रॅम भरला. आज तो आधी तापवला, पाणी निवू दिले नाही आणि चाळणीतून दोन ग्रॅमच्या आसपास भुकटी निघाली, म्हणून तेवढी कॉफी नव्याने फिरवून चाळून वजन पुन्हा १५ ग्रॅम केले. पाणी उतरायला दोन मिनिटे चाळीस सेकंद लागली. चिंचेचा आंबटपणा गेला आणि कप थोडा निवल्यावर गुळासारखी चव आली, जी मला या कॉफीत आजवर कधीच लागली नव्हती. कडवटपणा कमी झाला असला तरी अजून थोडा आहे. हातग्राइंडर आल्यावर पुन्हा येथे कळवीन.