मदत हवी आहे : आईच्या फोनमध्ये प्रवासाचं ई-सिम

नमस्कार मंडळी. आई पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच एकटी लंडनला ताईकडे निघाली आहे. तिच्या आयफोन १३ मधलं भारतातलं सिम काढायचं नाही, पेन्शनच्या बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. सोबत फक्त डेटाचं ई-सिम (कार्ड न घालता, क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये बसणारं सिम) घेतलंय. क्यूआर कोड इथेच घरच्या वायफायवर स्कॅन करायचा, तिथे उतरल्यावर ई-सिमचं डेटा रोमिंग चालू आणि भारतीय सिमचं बंद, इतपत कळलं.

अडतंय ते असं : प्लॅनचे दिवस स्कॅन केल्यापासून मोजतात की तिथलं नेटवर्क पकडल्यावर? आणि ओटीपी यायला भारतीय सिमवर रोमिंग पॅक टाकावाच लागतो का? हीथ्रोवर ती एकटी गोंधळेल, याचीच फार काळजी वाटते. कुणी आई-वडिलांसाठी हे केलं असेल तर कृपया सांगा.