समुद्रावरचा सूर्यास्त: ओल्या वाळूतलं प्रतिबिंब आणि सावल्या फोटोत कशा आणाव्यात? (सल्ला हवा आहे)

ओलीवाळू:
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने जमेल त्या संध्याकाळी समुद्रावर फोटो काढायला जाते आहे. लाट मागे सरली की ओल्या वाळूवर केशरी आकाश उतरतं, कोरड्या वाळूच्या वळ्यांमध्ये निळसर सावल्या साचतात. हे दोन्ही मला फार आवडतं, पण फोटोत येत नाही. आकाश पांढरंफटक होतं, नाहीतर वाळू काळीकुट्ट. सामान साधंच आहे: मिररलेस कॅमेरा, १८-५५ची लेन्स, हलका ट्रायपॉड. सध्या एकच फिल्टर घेता येईल. एकांनी पोलरायझर सुचवला. घेऊ का? आणि सावली व प्रतिबिंब एकाच फोटोत कसं आणायचं?

खारावारा:
या कामासाठी पोलरायझर घेऊ नका. तो पाण्यावरची चकाकी कापतो, आणि तुम्हाला तर तीच चकाकी हवी आहे. आकाशावर त्याचा जोर सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो. सूर्यासमोर उभं राहून तो लावला तर आकाशात फारसा फरक पडत नाही, एक-दोन स्टॉप प्रकाश मात्र जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं).

तिरपाप्रकाश:
खारावारा यांच्याशी सहमत. ओलीवाळू, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे. सावली आणि प्रतिबिंब एकाच फोटोत आणायचा हट्ट सोडा. दोघांची वेळ वेगळी आणि उभं राहायची दिशाही वेगळी.

आधी सावली. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी पडते, १० अंशांवर साडेपाच पटींहून थोडी जास्त आणि ५ अंशांवर ११ पटींच्या वर. वाळूची वळी एक सेंटीमीटर उंच धरली तर सूर्य २० अंशांवर असताना तिची सावली पावणेतीन सेंटीमीटर होते. म्हणजे एक वळी उजेडात, तिच्या मागचा खळगा अंधारात, आणि पोत छान उठून दिसतो. सूर्य ५ अंशांवर आला की तीच सावली पुढच्या वळीवर चढते आणि सगळं एकमेकांत मिसळून जातं. म्हणून वळ्यांचे फोटो अस्ताआधी तासभर काढून घ्या. (विषुववृत्तापासून दूर सूर्य तिरका उतरतो, तिथे ही वेळ बरीच लांबते.) आणि त्या वेळी सूर्य समोर नको, कुशीला हवा. उजवीकडून किंवा डावीकडून येणारा तिरपा प्रकाश वाळूचा प्रत्येक कण दाखवतो. सावल्या निळसर दिसतात त्या वरच्या निळ्या आकाशाच्या उजेडामुळे, तेव्हा व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग) ‘डेलाइट’वर ठेवा. ‘ऑटो’ हा निळा-केशरी भेद पुसून टाकायला बघतो.

प्रतिबिंबासाठी मात्र सूर्याकडे तोंड करायचं, आणि कॅमेरा खाली आणायचा. किती खाली, ते आकड्यांनी सांगतो. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर ते जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. उभ्याने तीनेक मीटरवरच्या ओल्या वाळूकडे पाहताना नजरेचा कोन पृष्ठभागाशी ३० अंशांच्या आसपास असतो. तिथे परत येणारा प्रकाश सुमारे ६ टक्के, म्हणजे आकाशापेक्षा चार स्टॉप काळोख. तुमची वाळू काळी येते ती यामुळे. कॅमेरा ३० सेंटीमीटरवर आणा. पावणेदोन मीटरवरच्या वाळूशी कोन १० अंशांचा होतो आणि साधारण ३५ टक्के प्रकाश परत येतो. दीड स्टॉपचाच फरक उरतो, आणि तो कोणताही कॅमेरा सांभाळतो. फिल्टर घेण्याआधी ट्रायपॉडचे पाय पसरवून पाहा.

त्यानंतरही फिल्टर घ्यायचाच असेल तर रिव्हर्स ग्रॅज्युएटेड एनडी (फोटोच्या वरच्या भागातलाच प्रकाश कमी करणारी काच) घ्या. त्याची काळोखी मधल्या रेषेवर सर्वांत गडद असते आणि वर फिकी होत जाते. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना नेमकं तेच लागतं. पण दोन स्टॉपचा घ्या, तीनचा नको. प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा उजळ कधीच नसतं. जास्त गडद फिल्टरने आकाश दाबलं की खालची वाळू वरच्या ढगांपेक्षा उजळ दिसायला लागते आणि फोटो खोटा वाटतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ते खटकतं.

मावळतीकडे:
फिल्टरऐवजी ब्रॅकेटिंग का नको? कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन नंतर जोडता येतात.

तिरपाप्रकाश:
स्थिर जागी उत्तम चालतं. इथे मात्र लाट दर क्षणी पुढे-मागे होते. पहिल्या फ्रेममधला फेस तिसऱ्या फ्रेममध्ये तिथे नसतो, त्यामुळे प्रतिबिंबाच्या कडा जुळत नाहीत. आकाश एका फ्रेममधून आणि वाळू दुसऱ्यातून घेतली, तर क्षितिजावर सांधता येतं. ही युक्ती जुनीच आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात आकाशाची एक आणि समुद्राची दुसरी निगेटिव्ह एकाच कागदावर छापून समुद्राची चित्रं केली होती, कारण त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हवर दोन्ही एकदम नीट उमटत नसत.

सांजसावली:
मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी: लेन्सवरची खारी धूळ पुसा, सूर्याच्या शेजारच्या आकाशावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. माणसांच्या किंवा होड्यांच्या काळ्या आकृत्या हव्या असतील तर एचडीआर बंद करा, नाहीतर तो अंधारात जबरदस्ती उजेड भरतो.

खारावारा:
भरती-ओहोटीचं कोणी बोललं नाही. माझ्या मते प्रतिबिंबाचा निम्मा भाग तिथेच ठरतो. पाणी ओसरत असतानाची सपाट पुळण हवी. वाळू पाण्याने तुडुंब भिजलेली असते आणि लाट परतली की काही सेकंद तिच्यावर पातळ थर राहतो. तोच आरसा. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सूर्यास्त आणि उतरतं पाणी यांचा मेळ दर पंधरवड्याला काही दिवस बसतो. कोष्टक पाहून सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी भरती असलेले दिवस निवडा.

अस्त झाला की लगेच सामान आवरू नका. वर पातळ, उंच ढग असतील तर खरा रंग बऱ्याचदा नंतरच्या १०-२० मिनिटांत चढतो. तेव्हा सूर्याची चकाकी नसते, आकाश आणि वाळू यांच्यातला फरक कमी होतो, फिल्टरही लागत नाही. एकदा मागे वळूनही पाहा. पूर्वेला क्षितिजालगत करडा-निळा पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा दिसतो. खालचा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. इतकी मोठी सावली फोटोत पकडण्याची संधी रोज मिळते, आणि बहुतेकांची तिच्याकडे पाठ असते.

ओलीवाळू:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी जाऊन आले. आधी सूर्य डाव्या कुशीला ठेवून वळ्या काढल्या, आणि निळ्या सावल्या पहिल्यांदाच जशा दिसतात तशा आल्या. नंतर कॅमेरा गुडघ्याखाली आणला. काळी वाळू गेली! फिल्टर अजून घेतलेला नाही. एक अडचण आहे: परतणाऱ्या लाटेच्या रेघा याव्यात म्हणून शटर अर्ध्या सेकंदावर ठेवला, तर क्षितिजच हललेलं आलं. ट्रायपॉडवर असूनही.

तिरपाप्रकाश:
पायांभोवतून पाणी वाहताना खालची वाळू निसटते आणि ट्रायपॉड खचतो. पाय आधीच वाळूत दाबून, थोडे फिरवून घट्ट रोवा. एक मोठी लाट त्यांच्यावरून जाऊ द्या, मग पुन्हा दाबा. मधला दांडा वर काढू नका. त्यानंतर लाट पायांपर्यंत पोहोचून परत फिरली, पायांजवळचं पाणी ओसरलं आणि पुढे मात्र अजून वाहतंय, त्या घटकेला दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरून क्लिक करा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ११, शटर पाव ते अर्धा सेकंद. प्रकाश जास्त वाटला तर शटर तसाच ठेवून एफ १६ करा. आणि घरी आल्यावर ट्रायपॉडचे सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवा. मिठाने ते आखडतात.