मदत हवी आहे: थायलरचा विषाणू टोचून ४५ दिवस झाले, उंदीर मजेत!

पिपेटवाली: पटकन सांगा कुणीतरी, सोमवारी गाईडसमोर बसायचंय. उंदरांच्या मेंदूत थायलरचा विषाणू टोचला (मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण घालवतो, एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार करायला वापरतात तो), आज ४५वा दिवस. एव्हाना मागचे पाय अडखळायला हवे होते. ढिम्म. मज्जारज्जूचे काप लक्सॉल फास्ट ब्लूने रंगवले, तर मायलिन निळंशार, म्हणजे शाबूत. विषाणू मेलेला होता का?

जुना_खोडकर: स्ट्रेन कोणता?

पिपेटवाली: डीए. लिहायचं राहिलं.

जुना_खोडकर: अगं, विषाणूचा नाही, उंदरांचा विचारतोय.

मोरपंखी: पर्टुसिस टॉक्सिन (डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष) दिलंस ना? पहिल्या दिवशी आणि ४८ तासांनी, दोनदा लागतं. आमची एक अख्खी बॅच त्याच्या खराब लॉटने फुकट घालवली होती.

पिपेटवाली: ताई, ते ईएईत, म्हणजे विषाणूविना, मायलिनचे तुकडे टोचून आजार करतात त्यात. मी विषाणू देतेय. उंदीर ब्लॅक सिक्स जातीचे, आमच्याकडे तेच असतात.

जुना_खोडकर: बोंबला! ब्लॅक सिक्स हा विषाणू धुऊन काढतात. विषाणूच्या व्हीपी२ प्रथिनाचा १२१-१३० हा तुकडा त्यांच्या एच-२डीबी या तुकडे दाखवणाऱ्या रेणूवर दिसला की सीडी८ (मारेकरी टी) पेशी तुटून पडतात, काही आठवड्यांत खेळ खलास. मायलिन जायला विषाणू मायक्रोग्लिया-मॅक्रोफेज या भक्षक पेशींमध्ये महिनोन्‌महिने ठाण मांडून बसावा लागतो. ते एसजेएल जातीच्या उंदरांत होतं. तिथे सीडी४ (मदतनीस टी) पेशी आधी विषाणूवर उठतात, नंतर स्वतःच्याच मायलिनवर, त्यातल्या पीएलपी प्रथिनाच्या १३९-१५१ तुकड्यावर. मागवशील तर माद्या मागव, एसजेएल नर एकमेकांचे लचके तोडतात.

निळा_पिंजरा: नवे उंदीर कशाला? विषाणू बदल. एमएचव्ही, म्हणजे उंदरांचा करोना, त्याचा जेएचएम स्ट्रेन घे. ब्लॅक सिक्समध्येच मायलिन जातं. टी-बी पेशी नसलेल्या रॅग उंदरांत जवळपास जात नाही, म्हणजे नासधूस कोण करतं ते उघड आहे.

जुना_खोडकर: आणि तो पिंजऱ्यापिंजऱ्यांतून पसरला की ॲनिमल हाऊसवाले हिला दारात तरी उभं करतील का?

निळा_पिंजरा: वेगळी खोली असते हो.

जुना_खोडकर: तुमच्याकडे असेल. उद्या एसजेएलशी तुलना करायची झाली तर? ते एमएचव्हीला दाद देत नाहीत, रिसेप्टरच वेगळा.

अण्णा_नाशिककर: माझ्या मेहुणीला एमएस आहे. या उंदरांचा तिला काही उपयोग? आणि थायलर म्हणजे पीतज्वराच्या लशीचे, १९५१ चे नोबेलवालेच ना?

मोरपंखी: तेच. मेहुणीचं मात्र न्यूरॉलॉजिस्टला विचारा अण्णा, इथे सगळे उंदीरवाले.

पिपेटवाली: म्हणजे विषाणू ठीक होता? पहिल्या आठवड्यात चार-पाच उंदरांना झटके आले होते. मला वाटलं सुई खोल गेली.

जुना_खोडकर: हे आत्ता सांगतेयस?! ब्लॅक सिक्सला डीए टोचला की हेच होतं, लोक त्यावर अपस्माराचा अभ्यास करतात. विषाणू जिवंत होता. कितव्या दिवशी, किती उंदीर, लिहून ठेवलंयस?

पिपेटवाली: पिंजऱ्यांच्या कार्डांवर, पेन्सिलीने. पण पिंजरे धुवायला गेले तेव्हा कार्डं बदलली. थांबा, कचऱ्याची पिशवी अजून गेली नसेल तर बघते.